तुमचे प्रश्न : प्रोसेसर एकीकडचा, मदरबोर्ड दुसरीकडचा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये पहिल्या गेमिंग पीसीचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ढकललेत. बजेट प्रत्येकाचं वेगळं आहे पण अडचण एकच, वस्तू चांगल्या निवडल्यात पण त्या एकमेकांना बसत नाहीत. किमती रोज वरखाली होतात, अंक तुमच्या हातात येईपर्यंत आकडा बदललेला असतो, म्हणून मी भाव देत नाही, काय कशाला चालतं तेवढं नीट सांगतो.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन सिझन काकांच्या गुऱ्हाळावर काट्याला बसून पैसे साठवलेत, मॉनिटर धरून पंचावन्न हजाराच्या आसपास पहिला गेमिंग पीसी जोडायचाय. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि फुटबॉलची गेम खेळणार, सगळं १०८०पी (फुल एचडी) वर. ऑफर बघून बघून लिस्ट काढलीय : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, डीडीआर५ ची १६ जीबीची एक स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि कॅबिनेटबरोबर फुकट येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). जी वस्तू जिथं स्वस्त दिसली तिथली धरली. बसेल का हे सगळं?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : भावा, अजून पैसे भरले नसशील तर थांब. वस्तू वाईट नाहीत, प्रोसेसर चांगलाय आणि कार्ड तर या बजेटला लई चांगलं धरलंयस. पण हे सगळं एका टेबलावर आणून ठेवलंस तर तो प्रोसेसर त्या बोर्डात बसणारच नाही. रायझन ५६०० ला एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) लागतंय आणि एच६१० हा इंटेलचा बोर्ड, त्याचं सॉकेट एलजीए १७००, त्यात इंटेलचे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. इथं अडजस्ट करायला काही जागाच नाही. एएम४ च्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात आणि बोर्डावर भोकं, इंटेलच्या त्या बोर्डावर उलटं, पिना सॉकेटात आणि प्रोसेसर खालून सपाट.

रॅमचंही तसंच. एएम४ म्हणजे डीडीआर४ आणि फक्त डीडीआर४. डीडीआर५ च्या स्टिकला पिना तितक्याच, २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती स्लॉटमध्ये जात नाही, आणि जोर लावून घालायला गेलास तर स्लॉट फुटतो. इंटेलच्या एलजीए १७०० ला मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, त्यामुळं नुसतं एच६१० म्हणून भागत नाही, बॉक्सवर डीडीआर४ लिहिलंय का डीडीआर५ ते वाचूनच रॅम घ्यायची.

म्हणून कुठून स्वस्त मिळतंय हे आधी बघायचंच नाही. आधी मॉनिटर आणि गेम ठरव, त्यावरून ग्राफिक्स कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर, प्रोसेसरच्या सॉकेटचा बोर्ड, बोर्डाला चालणारी रॅम, मग एसएमपीएस आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेट. बहुतेक पोरं कॅबिनेटपासून सुरू करतात, कारण लाईट दिसतात ना त्याचे.

तुझं निम्मं काम झालंय. १०८०पी आणि आरएक्स ६६०० ही जोडी जमते, कार्ड ८ जीबीचं आहे. आता एकतर रायझन ५६०० ठेव आणि बोर्ड बी५५० घे, नाहीतर एच६१० चा डीडीआर४ बोर्ड ठेव आणि प्रोसेसर आय५-१२४००एफ घे. दोन्ही सहा कोर बारा थ्रेडचे आहेत, दोघांच्या बॉक्समध्ये कूलर येतो त्यामुळं त्याचा वेगळा खर्च नाही, आणि गेममध्ये तुला फरक जाणवणार नाही, दुकानात ज्या दिवशी ज्याची जोडी स्वस्त पडेल ती घे. जोडीची किंमत बघायची हं, नुसत्या प्रोसेसरची नाही. मला विचारशील तर मी रायझनकडं झुकतो, कारण बी५५० बोर्डाला बहुतेक वेळा रॅमचे चार स्लॉट मिळतात आणि एच६१० ला दोनच. एएम५ चं नवं सॉकेट २०२२ ला आलं, पुढं प्रोसेसर बदलायला ते जास्त बरं, पण त्याला डीडीआर५ च लागते आणि तुझ्या बजेटात तो खर्च ग्राफिक्स कार्डातून कापावा लागेल, ते मला पटत नाही.

आता दुकानात तुला कुणीतरी बी४५० बोर्ड दाखवेल, बी५५० पेक्षा स्वस्त म्हणून. तोही एएम४ च आहे आणि ५६०० त्यात चालतो, पण इथं मी स्वतः अडकलोय म्हणून सांगतो. मी माझा पहिला रायझन ५००० चा पीसी जोडला तेव्हा बी४५० च घेतला होता, रात्री जेवण करून बसलो, साडेदहाला सगळं जोडून बटन दाबलं, पंखे फिरले, लाईट लागले आणि स्क्रीन काळी ती काळीच. रॅम काढून परत बसवली, एकच स्टिक लावून बघितली, ग्राफिक्स कार्ड काढून परत घातलं, प्रोसेसर काढून खालच्या पिना मोबाईलच्या टॉर्चनं एकेक ओळ तपासल्या, पहाटे दूधवाला आला तरी मी जमिनीवरच बसलेलो. खराब काहीच नव्हतं. बोर्ड दुकानात जुना पडून होता, त्याच्यातला बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम, २०२० च्या आधीचा, आणि त्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नव्हता. जुन्या पिढीचा एक रायझन तात्पुरता बसवून बायोस अपडेट केला तेव्हा दहा मिनिटांत चालू झालं. म्हणून बी४५० घेणारच असशील तर बॉक्सवर ‘रायझन ५००० रेडी’ असा स्टिकर आहे का बघ, नाहीतर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटन असलेला बोर्ड घे, त्यात प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होतं, नाहीतर दुकानदाराकडून बिल करायच्या आधी अपडेट करून घे.

रॅम १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ च्या दोन घे, ३२०० वेगाच्या. दोन स्टिका असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम डेटा ओढतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, शेजारी शेजारी नाही. आणि चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं पळवायची सेटिंग) ऑन कर. ते केलं नाहीस तर पैसे दिलेस ३२०० चे आणि रॅम पळतेय २१३३ नाहीतर २६६६ वर, अशी वर्षानुवर्षं चालवणारी माणसं मी बघितलीत.

एसएसडी घेताना बॉक्सवर एनव्हीएमई हा शब्द बघ, नुसतं एम.२ बघून घेऊ नको. एम.२ हा फक्त आकार झाला, त्याच आकारात साटाची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, एसएसडीपण येते आणि तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई साधी असली तरी त्याच्या कितीतरी पुढं जाते.

आता एसएमपीएस. फुकटचा एसएमपीएस नको म्हणजे नको. पुढच्या वेळी दुकानात गेलास की तो हातात घे आणि बाजूचा स्टिकर वाच. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट असतंय, खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टवरच जगतात. तिथं २० अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॅट, बास, तेवढीच तुझ्या कामाची ताकद, बाकीचे वॅट तुला न लागणाऱ्या लाईनींवर दाखवलेले. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथं ४५ च्या आसपास अँपिअर असतात, गुणून बघ, ५४० येतात. वजनातही फरक हाताला कळतो. आरएक्स ६६०० साधारण १३२ वॅट ओढतं आणि कंपनी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तू चांगल्या नावाचा, ८० प्लस ब्राँझचा शिक्का (वीज कमी वाया घालवतो याची खूण) असलेला ५५० वॅटचा घे, पुढं कार्ड बदललंस तरी तो राहील. माझ्याकडं एक ओळखीचा पोरगा असाच फुकटवाला एसएमपीएस घेऊन आला होता, २४ पिनच्या कनेक्टरमधल्या दोन पिना तपकिरी झालेल्या आणि प्लॅस्टिक वितळून बोर्डाच्या सॉकेटला चिकटलेलं, ओढला तर बोर्डाचाच तुकडा हातात आला. एसएमपीएसचे पैसे वाचवायला गेला आणि बोर्ड गेला.

उरलेल्या पैशात पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घे, पुढून काच असलेलं नको, हवा जायला वाट नसते. कार्डाची लांबी किती मिलिमीटर आणि कॅबिनेटात किती मावतं हे दोन आकडे जुळव. वायफाय बहुतेक स्वस्त बोर्डात नसतं, लॅनची वायर टाक, नाहीतर डोंगल घे. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांतून एकदा लिस्ट फिरवून कोटेशन घे आणि मग ऑनलाइनशी ताडून बघ. थोडा फरक असेल तर गावातच घे असं मी म्हणेन, बोर्ड खराब निघाला तर बसनं जाऊन बदलून आणता येतो. पुण्याला तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आणायची हौस अनेकांना असते, पण एका वस्तूच्या वॉरंटीसाठी परत जायला लागलं की वाचलेले पैसे गाडीभाड्यात जातात. आणि जीएसटीचं पक्कं बिल घे, त्यावर सिरियल नंबर लिहून घे.

प्रश्न : नवीन पीसी स्वतः जोडला. आय५-१२४००एफ, डीडीआर४, आरटीएक्स ३०५०. पंखे फिरतात, कीबोर्डचे लाईट लागतात, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतोय प्रोसेसर गेला. वॉरंटीला पाठवू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पाठवू नका, आधी एचडीएमआयची वायर कुठं लावलीय ते बघा. मागच्या बाजूला दोन ठिकाणी एचडीएमआय असतंय, एक वर उभ्या पट्टीत मदरबोर्डाचं आणि एक खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाचं. तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, म्हणजे त्याच्या आत ग्राफिक्स नाही, त्यामुळं वरच्या पोर्टातून चित्र कधीच येणार नाही. वायर खाली लावा. (रायझन ५६०० चंही असंच, ५६००जी मध्ये मात्र आत ग्राफिक्स आहे.)

तरी नाही आलं तर कार्डाला एसएमपीएसची वायर दिलीय का बघा. इथं एक धोका आहे. एसएमपीएसमधून आठ पिनच्या दोन जातीच्या वायरी निघतात, एक चार-चार अशी फुटते ती प्रोसेसरसाठी, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, आणि एक सहा-दोन अशी फुटते ती ग्राफिक्स कार्डासाठी. दिसायला सारख्या पण आत पिवळ्या-काळ्या वायरींची मांडणी उलटी. खाचा वेगळ्या आहेत त्यामुळं सहज जाणार नाही, जोर लावावा लागत असेल तर चुकतंय असं समजा आणि थांबा. मग रॅम, दोन्ही टोकांना कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबा, नवीन बोर्डाला भीती वाटावी इतका जोर लागतो, आणि पहिल्यांदा चालू करताना मिनिट-दोन मिनिटं वाट बघा. एवढं करूनही काही नाही तर मग वॉरंटी.

आणि चालू झाल्यावर विंडोज ११ वर व्हॅलोरंट टाकणार असाल तर बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग ऑन लागतात. इंटेलच्या बोर्डात टीपीएम हे पीटीटी या नावानं सापडतं, रायझनवाल्यांना एफटीपीएम.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या ऑफिसमधून जुना कॉम्प्युटर घरी आलाय, आय५ आहे, चौथी पिढी असं त्यावर लिहिलंय, अंगानं बारीक उभा डबा आहे. मुलगा नववीत आहे, तो म्हणतो यात फक्त ग्राफिक्स कार्ड टाकलं की गेमिंग पीसी होतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे का? दहा-बारा हजार घालायची तयारी आहे.
— एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आय५ हे नाव सगळ्या पिढ्यांना सारखंच असतं, पण चौथी पिढी २०१३ ची आहे, रॅम डीडीआर३, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढं चालतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे या डब्याचं आयुष्य तसं थोडंच उरलंय.

त्यात बारीक अंगाच्या ऑफिस कॉम्प्युटरला दोन अडचणी असतात. साधं ग्राफिक्स कार्ड उंचीला मावत नाही, लो प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्ड लागतं. आणि आतला एसएमपीएस लहान, वेगळ्या आकाराचा, कार्डाला द्यायची वायर त्याला नसते, बाजारातला साधा एसएमपीएस तिथं बसत नाही. त्यामुळं स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्डच चालतं, जास्तीत जास्त ७५ वॅटचं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे आणि त्यात बुटकं कार्डही निघतं. पण आधी आतल्या एसएमपीएसवर किती वॅट लिहिलेत ते बघा, फारच लहान असेल तर तेही नको.

तुमच्या जागी मी असतो तर दहा-बारा हजार सगळे एकदम घातले नसते. आत्ता फक्त एक साटाची एसएसडी टाका, कॉम्प्युटर अभ्यासाला एकदम हलका होईल, आणि ती एसएसडी उद्या नव्या पीसीत जशीच्या तशी लागेल. बाकीचे पैसे नव्याच्या गल्ल्यात ठेवा. मुलाला सांगा, दहावीच्या सुट्टीत आपण पूर्ण जोडू, तोवर लिस्ट तूच काढ. पोरं ते काम मनापासून करतात, आणि स्वतः लिस्ट काढून जोडलेला पीसी नीट वापरतात.

प्रश्न : आरएक्स ५८० ८ जीबी सेकंडहँड खूप स्वस्त मिळतंय, विकणारा म्हणतो मायनिंगचं नाही. घेऊ का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मायनिंगचं (क्रिप्टो चलन कमवायला चालवलेलं) आहे का नाही हे कार्डाकडं बघून खात्रीनं सांगता येत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं ढिगानं बाजारात आली, त्यात ही बरीच. कार्ड २०१७ चं आहे, १८५ वॅट ओढतं, म्हणजे स्वस्त कार्डाला महाग एसएमपीएस. शिवाय ५८० च्याच नावावर २०४८एसपी असं कमी ताकदीचं कार्ड विकलं जातं, त्यात शेडर (चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग) २०४८ असतात, खऱ्यात २३०४. जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम टाकून तो आकडा बघा. समोर बसून अर्धा तास गेम चालवून दाखवत असेल, स्क्रीनवर ठिपके-रेघा येत नसतील आणि पंखे खडखडत नसतील तर विचार करा. कुरिअरनं अजिबात नको. मी स्वतः थोडे थांबून, पैसे साठवून नवं घेतलं असतं.

प्रश्न : आमच्याकडं पावसाळ्यात लाईट सारखी जाते-येते. ५५० वॅटचा एसएमपीएस आहे, ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का? आणि दुसरं, कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येतात, दुकानदार म्हणाला ते नॉर्मल असतं.
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर : दुसरं आधी. ते नॉर्मल नाही. तुमच्या घरात अर्थिंग नाही, नाहीतर प्लगची तिसरी जाड पिन कुठं तरी तुटलीय. एसएमपीएसच्या आत लाईनवरचा कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते गाळलेला बारीक करंट बॉडीत सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग नसलं की तो करंट कॅबिनेटवरच उभा राहतो आणि तुम्ही हात लावला की तुमच्यातून जातो. जुलैत ओल सुटलेल्या शहाबादी फरशीवर अनवाणी बसला असाल तर जास्तच जाणवतं. करंट बारीक आहे म्हणून मुंग्यांवर भागतंय, पण उद्या एसएमपीएसच्या आत फेज बॉडीला टेकली तर तीच बॉडी पूर्ण २३० व्होल्टची होईल. आपल्याकडं जुन्या घरांत थ्री-पिनचा सॉकेट दिसतो, पण उघडला तर वरच्या भोकाच्या मागं वायरच नसते. वायरमनला बोलवा, फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बल्ब पूर्ण पेटतो का बघायला सांगा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग नव्यानं करून घ्या. हे स्वतः करू नका.

यूपीएसचं असं आहे, एसएमपीएस ५५० चा आहे म्हणजे पीसी सारखे ५५० वॅट ओढतो असं नाही. ज्याच्या कार्डाला १३०-१४० वॅट लागतात असा पीसी गेम चालू असताना मॉनिटर धरून अडीचशेच्या आसपास जातो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, म्हणजे पेलेल, पण चार-पाच मिनिटं, गेम बंद करून शटडाऊन करण्यापुरतं. बॅटरी जुनी झाली की तेवढंही नाही. आणखी एक, स्वस्त यूपीएसमधून येणाऱ्या विजेची लाट चौकोनी निघते आणि काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (बॉक्सवर तसं लिहिलेले) एसएमपीएस त्यावर लाईट गेल्या क्षणी बंद पडतात, म्हणून दुकानातून आणल्या दिवशीच मेन स्विच पाडून बघा, बिल ताजं असतानाच बदलून मिळतो. वीज कडाडायला लागली की यूपीएसवर विसंबू नका, प्लग काढा, आणि राऊटरची लॅन वायरसुद्धा पीसीतून काढा, तिच्यातूनही बोर्ड जातात. लाईट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग चालू करा. आणि थ्री-पिन प्लगला अर्थिंग तोडणारा टू-पिनचा अडॅप्टर लावला असेल तर तो काढून ठेवा, वायरमन येईपर्यंत, पीसी लावूच नका.